हर्वी बेला चार दिवस : गरी बेट, देवमासे आणि भरती-ओहोटीचं कोष्टक

प्रश्न थोडक्यात असा आहे. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनहून चार रात्रींसाठी हर्वी बे या किनाऱ्यावरच्या शहराला जायचंय. सोबत पुण्याहून आलेले सत्तरीतले आईवडील आणि आठ वर्षांचा मुलगा. भाड्याची एसयूव्ही घेतली आहे. ती समोरच्या गरी बेटावर न्यावी का, देवमासे दिसतील का, आणि शाकाहारी जेवणाचं काय करायचं?

पहिलं उत्तर : ती गाडी बेटावर नेऊ नका. दुसरं : सप्टेंबरचा शेवट देवमाशांसाठी उत्तम आहे. आणि तिसरं, जे तुम्ही विचारलेलं नाही : हॉटेल, बोट, बस यांतलं काहीही ठरवण्याआधी त्या चार दिवसांचं भरती-ओहोटीचं कोष्टक काढून समोर ठेवा. इथे कुठल्या दिवशी काय करायचं हे घड्याळापेक्षा समुद्र जास्त ठरवतो.

ते का, हे आधी पाहू. हर्वी बे शहर उथळ उपसागराच्या काठावर आहे. पिआल्बा, स्कार्नेस, टॉर्क्वे आणि उरंगन हे भाग एकाला एक लागून किनाऱ्यावर पसरलेत. समोरच्या गरी बेटाने पॅसिफिकच्या लाटा अडवल्यामुळे शहराच्या पुळणीवर पाणी संथ असतं, लहान मुलांना सोयीचं. पण ओहोटीला तेच पाणी खूप आत जातं आणि उरते ती ओली, सपाट वाळू. म्हणजे शहरात पोहायचं ते भरतीला. बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर बरोबर उलटं. तिथे पुळण हाच रस्ता आहे आणि तो ओहोटीलाच उघडतो. कोकणात वाढलेल्या माणसाला हे समजवावं लागत नाही. ओहोटी बघून अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर चालत जायचं आणि पाणी चढायच्या आत परतायचं, तोच हिशोब इथे गाडीला लावायचा.

कोष्टक बघताना एक चूक हमखास होते. लोक उरंगनचं कोष्टक उघडतात आणि तेच पूर्व किनाऱ्याला लावतात. बेटाच्या बाहेरच्या, महासागराच्या बाजूला भरती आधी येते, उरंगनला नंतर. त्यामुळे शहरातल्या पोहण्यासाठी उरंगनचं कोष्टक आणि पूर्व पुळणीसाठी वॅडी पॉइंटचं, अशी दोन कोष्टकं हवीत. भरतीच्या आधीचे दोन तास आणि नंतरचे दोन तास पुळणीवर गाडी चालवायची नाही, हा तिथला सर्वमान्य नियम आहे. समजा पूर्व किनाऱ्यावर ओहोटीची अखेर दुपारी १ वाजता आहे. मग अलीकडची भरती सकाळी ६:५०च्या सुमारास आणि पलीकडची संध्याकाळी ७:१०च्या सुमारास. पुळण साधारण ८:५० ते ५:१० मोकळी, अख्खा दिवस हातात. पण भरतीच दुपारी १२ला असेल तर १० ते २ हे तास पुळणीवरून बाद. ही वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते, म्हणजे तुमच्या पहिल्या आणि चौथ्या दिवसात अडीच तासांचा फरक पडेल. ज्या दिवशी ओहोटी ११ ते २च्या दरम्यान येते, तो दिवस बेटासाठी राखा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं : पाणी जास्त खाली जातं तसंच जास्त वरही चढतं, आणि भरतीला पुळण अगदी अरुंद उरते.

आता गाडीचं. गरी हे जगातलं सर्वांत मोठं वाळूचं बेट, लांबी सुमारे १२३ किमी. पूर्वी त्याला फ्रेझर आयलंड म्हणत. २०२३ साली बेटाच्या मूळ रहिवाशांचं, बुचुला लोकांचं, मूळ नाव अधिकृतपणे परत आलं. इंग्रजी स्पेलिंगच्या सुरुवातीला के दिसतो, पण तो उच्चारायचा नाही. बेटावरच्या वाटा वाळूच्याच आहेत. तिथे उंच बांधणीची, लो-रेंज (कमी वेगात जास्त जोर देणारे गिअर) असलेली खरी फोर-व्हील-ड्राइव्ह लागते. शहरी एसयूव्ही चारही चाकांना जोर देणारी असली तरी तिचं पोट खाली असतं. आतल्या वाटांवर चाकांनी खोल चर पाडलेले असतात, त्यांच्या मधल्या वाळूच्या वरंब्यावर पोट टेकतं आणि चाकं नुसती फिरत राहतात. शिवाय भाड्याच्या साध्या गाड्यांच्या करारात वाळूवर आणि या बेटावर नेण्याला सहसा मनाई असते. करार मोडला की विमा संपला, आणि बेटावरून गाडी ओढून आणण्याचा खर्च खिशातून. बेटासाठी म्हणून भाड्याने देतात त्या गाड्या वेगळ्या. त्या हर्वी बेमध्ये मिळतात, पण वाळूवर कधीच न चालवलेल्या माणसाने पहिला प्रयोग आईवडील आणि मूल मागे बसवून करावा असं मला वाटत नाही.

तुमच्यासाठी एक दिवसाची बससहल योग्य. या बसेस फोर-व्हील-ड्राइव्हच्याच असतात, सकाळी हॉटेलवरून घेतात आणि संध्याकाळी सोडतात. बहुतेक सहलींत बूरांगूरा (लेक मॅकेन्झी), सेंट्रल स्टेशनचं जंगल, पूर्वेची पुळण, ईलाय क्रीक आणि मॅहिनो जहाजाचा सांगाडा एवढं होतं. चालकांना भरतीची वेळ पाठ असते आणि त्याप्रमाणे ते क्रम बदलतात : पाणी चढलेलं असताना तलाव, उतरल्यावर पुळण. आईवडिलांसाठी एक गोष्ट मात्र आधीच करा. आतल्या वाटांवर बस जोरात हिंदकळते. मागच्या चाकांच्याही मागे असलेल्या जागांवर हादरे सर्वांत जास्त बसतात, कंबर किंवा मणक्याचा त्रास असणाऱ्याला ते बाधतं. आरक्षण करतानाच पुढच्या जागा मागा. मणक्याची शस्त्रक्रिया झालेली असेल तर बस टाळून रिव्हर हेड्सच्या धक्क्यावरून प्रवासी फेरीबोटीने बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या किंगफिशर बे इथे नुसतं जाऊन यावं. शहरापासून रिव्हर हेड्स गाडीने वीसेक मिनिटं, पुढे फेरी साधारण ५० मिनिटं. धक्क्याजवळच चालण्याच्या सोप्या वाटा आहेत आणि संध्याकाळी सूर्य समोर पाण्यात उतरताना दिसतो. तो पश्चिम किनारा आहे, त्यामुळे चिलटं मात्र फार. पूर्ण बाह्यांचे कपडे आणि कीटकरोधक मलम हवंच.

बूरांगूराचं पाणी काचेसारखं का, आणि तिथे सनस्क्रीन फासून उतरू नका असं का सांगतात, याचं कारण एकच आहे. हा तलाव वाळूच्या टेकड्यांमध्ये समुद्रसपाटीच्या बराच वर अधांतरी बसलेला आहे. पाला-पाचोळ्यातली द्रव्यं वाळूत झिरपून खाली घट्ट थर झाला आणि त्या थराने पावसाचं पाणी धरून ठेवलं. त्याला नदी मिळत नाही आणि त्यातून ओढा वाहत नाही. आत गेलेलं तेल किंवा साबण बाहेर जायला वाटच नाही. म्हणून सनस्क्रीन लावायचंच तर बरंच आधी लावून मुरू द्या, किंवा त्याहून चांगलं म्हणजे मुलाला पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा सदरा आणि टोपी घाला. साबण, शाम्पू अजिबात नको. सप्टेंबरात पाणी गारच असतं. मुलं उतरतात, आजी-आजोबा बहुधा पायच बुडवतात.

तलावाच्या काठावर खाणं न्यायला बंदी आहे, पाणी तेवढं चालतं. चिवड्याची पुडीसुद्धा नाही. जेवायचं ते कुंपण घातलेल्या सहलीच्या जागेत. हे डिंगोंमुळे, म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या रानकुत्र्यांमुळे. बुचुला भाषेत त्यांना वाँगारी म्हणतात. ते भटक्या कुत्र्यासारखे दिसतात आणि तिथेच भारतीय पाहुण्यांची गफलत होते : बिस्किट टाकावंसं वाटतं. ते करू नका. खाऊ घालणं हा गुन्हा आहे, दंड जबर आहे. आणि माणसाकडून खाणं मिळतं हे एकदा कळलेला डिंगो पुढच्या माणसाच्या अंगावर जातो, मग शेवटी त्यालाच मारावं लागतं. २००१ साली या बेटावर नऊ वर्षांच्या मुलाचा डिंगोंच्या हल्ल्यात जीव गेला. तुमचा मुलगा आठ वर्षांचा आहे, म्हणून स्पष्टच लिहितो : बसमधून उतरल्यापासून परत चढेपर्यंत तो हाताच्या अंतरात हवा. पुळणीवर त्याला पुढे धावू द्यायचं नाही, कारण धावणारं मूल बघून डिंगो पाठलाग करतो. डिंगो जवळ आलाच तर ताठ उभं राहायचं, हात छातीशी घडी घालायचे, त्याच्याकडे तोंड ठेवून हळूहळू मागे सरकायचं, पाठ करायची नाही, पळायचं नाही. दोघे असाल तर पाठीला पाठ लावा. हे मुलाकडून हॉटेलच्या खोलीत दोनदा करवून घ्या.

पूर्वेच्या समुद्रात कुणीही उतरायचं नाही. जीवरक्षक नाहीत, पाणी खेचून नेतं, आणि शार्क असतात. भिजायची हौस ईलाय क्रीकमध्ये फेडा. हा गोड्या पाण्याचा ओहळ तासाला ४० लाख लिटरपर्यंत पाणी समुद्रात ओततो असं सांगितलं जातं. काठाने लाकडी वाट आहे. तिच्यावरून वर चालत जायचं, पाण्यात उतरायचं आणि प्रवाहाबरोबर अलगद खाली यायचं. पोटरी ते मांडीएवढं पाणी, वाळूचा तळ. आजोबांनाही जमतं.

तिथून उत्तरेला तीनेक किलोमीटरवर मॅहिनो. १९०५ साली स्कॉटलंडमध्ये बांधलेलं हे प्रवासी जहाज पहिल्या महायुद्धात रुग्णालय-जहाज होतं. १९३५ साली मोडीत काढण्यासाठी ते जपानला ओढून नेत असताना वादळात दोर तुटला आणि ते इथे येऊन लागलं. सांगाडा गंजून धारदार झालाय, त्याला हात लावायचा नाही, आत जायचं नाही. आणखी उत्तरेचा खडकाळ सुळका इंडियन हेड म्हणून नकाशावर दिसेल. त्या नावात आपला काही संबंध नाही. १७७० साली इंग्रज दर्यावर्दी जेम्स कुकच्या जहाजावरून तिथे स्थानिक लोक जमलेले दिसले, त्यांना त्याने ‘इंडियन’ म्हटलं. एका दिवसाच्या सहलीत बस सहसा तिथवर जात नाही, आणि तुमच्यासोबतची माणसं पाहता ते बरंच आहे.

माझ्या मते बेटावरची सर्वांत सुंदर जागा सेंट्रल स्टेशन आहे, आणि लोक तिथे सर्वांत कमी थांबतात. एकेकाळी हे लाकूडतोडीचं ठाणं होतं. इथल्या ‘सॅटिने’ नावाच्या झाडाचं लाकूड खाऱ्या पाण्यातल्या किड्यांना दाद देत नाही, म्हणून ते सुएझ कालव्याच्या कामातही गेलं. तोड थांबली १९९१ साली, आणि १९९२ साली बेट जागतिक वारशाच्या यादीत आलं. निव्वळ वाळूवर उभं राहिलेलं उंच सदाहरित जंगल तिथे दिसतं. वाळूत कस नसतो. झाडांच्या मुळांशी राहणाऱ्या बुरशा वाळूतून आणि कुजलेल्या पाल्यातून पोषण ओढून मुळांना देतात, त्यावर हे सगळं तगलंय. वाँगुल्बा ओढ्याच्या काठाने लाकडी वाट आहे, चढ फारसा नाही. पाणी इतकं नितळ आणि तळ वाळूचा असल्याने इतकं बिनआवाज वाहतं की ओढा आहे हे बघूनही पटत नाही. आईवडिलांना इथे घाई करू नका.

देवमाशांचं. हम्पबॅक जातीचे देवमासे उत्तरेच्या उबदार पाण्यातून अंटार्क्टिकाकडे परतताना बेटाच्या आडोशाला, प्लॅटिपस बेमध्ये, काही दिवस विसावतात. हंगाम साधारण जुलैच्या मध्यापासून ऑक्टोबरअखेरपर्यंत. सुरुवातीला वयात येणारे तरुण, ऑगस्टमध्ये मोठे, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात आया आणि पिल्लं. तुमच्या आठवड्यात पिल्लं दिसण्याची शक्यता चांगली आहे. बोटी उरंगनच्या बंदरातून सुटतात. अर्ध्या दिवसाची सकाळची फेरी घ्या. दुपारपर्यंत वारा वाढतो, आणि पूर्ण दिवस बोटीवर काढणं वयस्करांना जड जातं. उपसागराचं तोंड उत्तरेला उघडं आहे, त्यामुळे हवामानाच्या अंदाजात उत्तरेचा वारा दिसला तर बोट हलणार हे धरून चाला. मळमळीची गोळी बोट सुटण्याच्या तासभर आधी घ्यावी लागते, मळमळायला लागल्यावर घेऊन फायदा नाही. आईवडिलांच्या चालू औषधांबरोबर ती चालते का, हे त्यांच्या डॉक्टरांना पुण्याहून निघण्याआधीच विचारून घ्या. बोटीने देवमाशापासून १०० मीटर लांब राहायचं असतं, पण देवमासा स्वतःहून बोटीशी आला तर यंत्र सुटं करून थांबतात, आणि इथे ते पुष्कळदा येतात. ही फेरी पहिल्या नाहीतर दुसऱ्या दिवशी ठेवा. वाऱ्यामुळे रद्द झाली तर पुढचे दिवस हातात राहतात. देवमासा दिसला नाही तर दुसरी फेरी मोफत देण्याची पद्धत बऱ्याच बोटींवर आहे, आरक्षणाच्या वेळी तेवढं विचारा. त्या सुमाराला क्वीन्सलंडच्या शाळांना सुट्टी असते, म्हणून बोट, बस आणि खोली हे तिन्ही दोन महिने आधी पक्कं केलेलं बरं.

राहण्याची जागा स्वयंपाकघरासह घ्या, शक्यतो एस्प्लनेड या किनाऱ्यालगतच्या रस्त्यावर. तिथे किनाऱ्याला धरून लांबच लांब सपाट पायवाट आहे, आईवडिलांचं सकाळ-संध्याकाळचं फिरणं होतं. जेवणाचा प्रश्नही त्यातच सुटतो. पिआल्बाच्या मोठ्या दुकानांत तांदूळ, डाळी, दही, भाज्या सगळं मिळतं. मसाले ब्रिस्बेनहूनच न्या. बससहलीत जेवण धरलेलं असतं, पण नुसतं ‘शाकाहारी’ सांगून भागत नाही. अंडं नको, मासे नको, असं एकेक सांगा. पुण्याहून आईंनी आणलेले लाडू, लोणचं, मसाले विमानात भरायच्या आवक-पत्रकावर जाहीर करायला सांगा. जाहीर केलेली वस्तू चालत नसेल तर काढून घेतात एवढंच, लपवलेली सापडली तर दंड होतो. दुधाची मिठाई, ताजी फळं, बिया आणूच नयेत. त्यांचा प्रवासविमा बेटावरच्या प्रवासाला आणि हवाई रुग्णवाहिकेला लागू आहे का, हे पाहा. बेटावर रुग्णालय नाही, गंभीर रुग्णाला हेलिकॉप्टरनेच हलवतात.

ब्रिस्बेनहून अंतर सुमारे २९० किमी, साडेतीन तास, थांबे धरून पाच. सप्टेंबरअखेरीस सूर्य पावणेसहाच्या आत मावळतो आणि संधिप्रकाशात कांगारू रस्त्यावर येतात, म्हणून दुपारी चारपर्यंत पोहोचाल असं निघा. गाडी नको असेल तर मेरीबरो वेस्टपर्यंत रेल्वे आणि तिला जोडलेली बस आहे.

पुढे कधी तुम्ही किंवा हे वाचणारं कुणी योग्य गाडी घेऊन गेलात तर, ज्या क्रमाने गोष्टी बिघडतात त्या क्रमाने सांगतो. बेटावर गाडी नेण्याचा परवाना आधी ऑनलाइन काढायचा, महिन्याच्या आतल्या मुक्कामाला एकच पुरतो. तंबूत राहायचं तर जागेचं आरक्षण वेगळं, आणि मुलं असतील तर कुंपणाचीच जागा निवडायची. बार्जवरून (गाड्या नेणाऱ्या सपाट बोटीवरून) उतरल्यावर पहिलं काम टायरची हवा : डांबरी रस्त्यावरच्या ३५ च्या आसपासवरून १८ ते २० पीएसआयवर. हवा कमी केली की टायर लांबट पसरतो, वजन जास्त वाळूवर वाटलं जातं आणि तो रुतत नाही. अडकलेल्या गाड्यांपैकी बहुतेकांची हवा कमी केलेलीच नसते. फारच भुसभुशीत लागलं तर १५-१६, पण मग झटक्यात वळायचं नाही, टायर रिंगवरून निसटतो. आतल्या वाटांवर वेग ताशी ३०, पूर्व पुळणीवर ८०. पुळणीवर तो ८० गाठायचा मोह आवरा. ओहळांनी वाळू कापून केलेले उभे काठ दुपारच्या सपाट उजेडात अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाहीत, आणि तिथे गाड्या उलटतात. थांबताना ब्रेक दाबू नका, गाडी आपोआप थांबू द्या, नाहीतर चाकांपुढे वाळूचा ढीग साचतो. रुतलात तर ॲक्सिलरेटर सोडा, कारण प्रत्येक फिरकीने चाक आणखी खाली जातं. चाकांपुढची आणि पोटाखालची वाळू फावड्याने काढा, हवा आणखी कमी करा, चाकांखाली वाळूत वापरायच्या फळ्या सारा आणि आलेल्या चाकोरीतूनच मागे या. पोयुंगन आणि यिडनीच्या खडकांपाशी आतून वळणवाट आहे, तीच घ्या. खडकाच्या पुढून ओल्यातून काढायला गेलेली गाडी लाटेत सापडते. पुळणीवर विमानंही उतरतात, त्यांना वाट द्यावी लागते. खाऱ्या पाण्यातून गाडी कधीच घालायची नाही. परत आल्यावर त्याच दिवशी हवा भरून घ्यायची आणि गाडीचं पोट गोड्या पाण्याने भरपूर धुवायचं, विशेषतः चाकांच्या आतल्या बाजू आणि चॅसीच्या पोकळ्या, जिथे ओली वाळू अडकून बसते.

चौथा दिवस रिकामा राहिला तर लोक लेडी एलियट बेटाचं विचारतात. ते प्रवाळाचं बेट, ग्रेट बॅरिअर रीफच्या दक्षिण टोकाला. छोट्या विमानाने पाऊण तासाच्या आत पोहोचता येतं. खर्च मोठा आहे. सरोवरातल्या प्रवाळांवर तरंगायचं तर तिथे पुन्हा भरतीच लागते, म्हणून कोष्टकात भरती दिवसा मधल्या वेळेत असेल तरच पैसे घाला. नसेल तर मुलाला शहराच्या पुळणीवर भरतीच्या वेळी डुंबू द्या, आणि संध्याकाळी सगळे मिळून उरंगनच्या धक्क्यावर जा. १९१७ साली पुरा झालेला हा लाकडी धक्का मुळात एक किलोमीटरहून लांब होता, आज ८६८ मीटर उरलाय. साखर, लाकूड आणि कोळसा नेणाऱ्या जहाजांना उथळ पाण्यात येता येत नव्हतं, म्हणून आगगाडीच समुद्रात एवढी आत न्यावी लागली. टोकापर्यंत सावली नाही आणि वारा असतो, तेव्हा आईवडिलांना टोपी आणि स्वेटर द्या. ओहोटीला गेलात तर दोन्ही बाजूंना उघडी पडलेली वाळू दिसेल, धक्का इतका लांब का बांधला ते मुलाला वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.